चार वाजता दाराशी

९ मार्च, सोमवार

वजनमापांच्या प्रयोगशाळेतून मी दहा आठवड्यांची रजा घेतली आहे. रजेतही नोंद ठेवण्याची सवय सुटू नये, म्हणून ही वही.

शनिवारी दत्तक घ्यायचे मूल घरी आले. वय एकोणीस महिने, मुलगी, वजन नऊ किलो आठशे ग्रॅम (स्वयंपाकघरातील काट्यावर मोजले असल्याने हा आकडा मी अंदाजे मानते). आठ आठवडे ती आमच्याकडे राहील. त्या काळात दत्तक विभागाच्या निरीक्षिका तीनदा येऊन पाहतील. अहवाल समाधानकारक असला तर न्यायालय ती आमची असल्याचा आदेश देईल, नसला तर तिला परत पाठवले जाईल. आमच्या घरात नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचे जुळे आहेत. तिघांनाही मी शिस्तीत वाढवले आहे. त्यामुळे अहवालाविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

मुलीला सोडायला तिला चौदा महिने सांभाळणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या. इस्पितळाच्या धोबीखान्यात त्या इस्त्रीचे काम करतात, हातांवर भाजल्याच्या खुणा आहेत. मी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळांचा तक्ता मागितला, तो त्यांनी आणला नव्हता. दारात उभ्या राहून त्या तोंडीच सांगू लागल्या. तोंडी माहितीत चुका राहतात, लिहून पाठवा, असे मी नम्रपणे म्हटले. त्यांनी मान हलवली. मुलीसमोर त्या रडल्या, हे मला अविचाराचे वाटले. निदान तीन महिने त्यांनी भेटू नये आणि फोनही करू नये, असेही मी सुचवले. नवी सुरुवात स्वच्छ असावी.

"लगेच एक घाव दोन तुकडे?" त्या गेल्यावर नवरा म्हणाला. तो व्यायामशिक्षक आहे. गुडघा फुटला की फुंकर घालावी, इतकेच त्याचे मानसशास्त्र.

जुळ्यांनी मुलीचे नाव 'गोटी' ठेवले आहे, कपाळ गोल आहे म्हणून. मी ते वापरणार नाही.

१३ मार्च, शुक्रवार

तक्ता अद्याप आलेला नाही. यावरून काय ते समजावे.

मुलगी शांत आहे. इतकी शांत की पाहुण्यांना कौतुक वाटते. दिलेले खाते, ठेवले तिथे बसते, रडत नाही. जुळे तिच्या वयाचे असताना घर डोक्यावर घेत असत.

एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. दुपारी चारच्या सुमारास ती हातातले सोडून उठते, बाहेरच्या दाराशी जाते आणि चपलाबुटांमध्ये दाराकडे तोंड करून बसते. पंचवीस मिनिटे ते अर्धा तास. मग उठते आणि काही झालेच नाही अशा तऱ्हेने परत येते. मंगळवारी ३.५८, बुधवारी ४.०३, काल ३.५६, आज ४.०१. आमच्या प्रयोगशाळेतील काही घड्याळांबद्दलही मी इतक्या खात्रीने बोलू शकणार नाही.

१७ मार्च, मंगळवार

कारण शोधते आहे. ऊन त्या वेळी बैठकीच्या खोलीत येते म्हणून पडदे ओढून पाहिले. जुळ्यांच्या गोंगाटामुळे असेल म्हणून त्यांना अंगणात पिटाळले. दुपारची झोप पाऊण तासाने पुढे सरकवली. फरक शून्य. ती पडद्यातल्या अंधारातही दाराशी गेली.

मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहून घड्याळ पाहते. तिला उचलून आणले तर ती अंग ताठ करते, रडत मात्र नाही. खाली ठेवताच पुन्हा तिथेच. आज एका जुळ्याचा बूट तिने मांडीवर घेतला होता.

१८ मार्च, बुधवार

निरीक्षिकांचा फोन आला. पहिली भेट कोणत्या वेळी सोयीची, असे त्यांनी विचारले. मी सकाळी अकरा सांगितले. सकाळी मुले ताजीतवानी असतात आणि घराची व्यवस्था नीट पाहता येते.

२० मार्च, शुक्रवार

भेट उत्तम झाली. निरीक्षिका पन्नाशीच्या, आवाज खालच्या पट्टीत, पायातले बूट फार वापरलेले. मुलगी गालिच्यावर ठोकळे रचत होती. त्यांनी झोप, जेवण, इतर मुलांशी नाते याबद्दल विचारले. मी तक्ते दाखवले.

"एवढं बारकाईनं कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

"काही अडचण?" असेही त्यांनी विचारले. विशेष काही नाही, असे मी सांगितले. 'विशेष' या शब्दाला वाव असतो.

२२ मार्च, रविवार

समोरच्या झाडाला तीन दिवसांत पालवी फुटली आणि घरातली प्रत्येक वस्तू आखूड झाली. जुळ्यांच्या विजारी घोट्यांच्या वर गेल्या आहेत, थोरलीचा कोट काखेत उसवला आहे. खिडक्या उघडाव्यात तर परागांनी नवरा शिंकतो, मिटाव्यात तर मुले उकडते म्हणून भांडतात. दिवसभर कुणी ना कुणी आत किंवा बाहेर जात असते आणि दार आपटते. दर आपटण्यागणिक ती मान वळवून पाहते.

जेवताना एका जुळ्याने विचारले, "गोटीला परत कधी द्यायचं?"

"द्यायचं नाही रे, ती आपलीच होणार," थोरली म्हणाली.

"मग त्या तपासायला आलेल्या बाई आठ आठवडे का म्हणाल्या? वाचनालयात तर पंधराच दिवस देतात."

दुसरा म्हणाला, "जास्त दिवस ठेवलं तर दंड होतो. बाबा भरेल."

नवरा हसता हसता ठसकला. मी हसले नाही. पानातले संपवा, एवढेच म्हटले.

२७ मार्च, शुक्रवार

ती वारंवार कान चोळते. डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा नेले. कान साफ आहेत, त्यांनी पुन्हा सांगितले. अशा वरवरच्या तपासणीवर माझा विश्वास नाही.

आज उगाचच एक जुनी गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मोजमापांच्या मालिकेतील एक विसंगत आकडा गाळून अहवाल दिला होता. मी भर बैठकीत म्हटले होते की न आवडणारा आकडा हाही आकडाच असतो. त्यांनी नंतर बदली मागून घेतली. आज हे का आठवले, कोण जाणे. ४.०४ ते ४.३१.

२ एप्रिल, गुरुवार

नवऱ्याशी वाद. तो एरवी साडेपाचला येतो, शनिवार-रविवारीही दुपारी सामन्यांना असतो, आज सर्दीमुळे घरी होता आणि चार वाजताचा प्रकार त्याने प्रथमच पाहिला. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. मग स्वयंपाकघरात आला.

"अगं, ही कुणाची तरी वाट बघतेय."

"तो तुझा तर्क झाला."

"त्या बाईंना फोन करून विचार ना सरळ."

"मी लेखी माहिती मागितली होती. त्यांनी पाठवली नाही."

"तुला काय उत्तरपत्रिका हवी होती का त्यांच्याकडून?"

मी भांडी पुसू लागले. तो पुन्हा शिंकला आणि म्हणाला, "बरं, निदान निरीक्षिकाबाईंना तरी सांग. आठ तारखेला येणार आहेत ना? किती वाजता?"

"अकरा."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

८ एप्रिल, बुधवार

जे झाले ते क्रमाने लिहिते.

शाळेला सुट्टी असल्याने तिन्ही मुले घरी होती. निरीक्षिका अकराला आल्या. गोटी थोरलीच्या मांडीवर बसून केळे खात होती. सारे व्यवस्थित चालले होते. निरीक्षिकांनी वही मिटली आणि थोरलीला सहज विचारले, "काय गं, कशी आहे तुझी बहीण?"

"चांगली आहे," थोरली म्हणाली. "पण तुम्ही चुकीच्या वेळी येता."

"हो का? मग कधी यायला हवं?"

"चार वाजता. तेव्हा ती दाराशी जाऊन बसते. रोज. आईनं सगळं लिहून ठेवलंय, मिनिटांसकट. दाखवू?"

"आणि माझे बूट घेते," एक जुळा म्हणाला.

"माझे पण," दुसरा म्हणाला. हे खरे नाही.

मी म्हटले की ही बाब मी अजून अभ्यासत होते आणि निष्कर्षाशिवाय सांगणे मला योग्य वाटले नव्हते. निरीक्षिकांनी मान डोलावली.

"मग उद्या चारलाच येते," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी थोरलीला जवळ बोलावले. काय बोलायचे ते ठरले नव्हते. तीच म्हणाली, "तूच सांगतेस ना, अर्धं सांगणं म्हणजे खोटंच." तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. मी तिला दप्तर आवरायला पाठवले.

९ एप्रिल, गुरुवार

ही नोंद लिहिण्याची मला लाज वाटते, म्हणूनच ती पूर्ण लिहीत आहे.

पावणेचारला मी गोटीला आंघोळीला घातले. तिची आंघोळ सकाळी होते. टबात कोमट पाणी भरले, जुळ्यांच्या रंगीत वाट्या सोडल्या. पाण्यात ती रमते, हे मला ठाऊक होते. चार वाजून दोन मिनिटांनी ती उठून उभी राहिली, माझ्या खांद्याला धरून टबाबाहेर आली आणि तशीच ओलीचिंब, उघडी, सबंध घरातून चालत दाराशी गेली. त्याच क्षणी घंटी वाजली. दार थोरलीने उघडले. निरीक्षिकांना समोर प्रथम काय दिसले असेल, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. गोटीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिले, मग त्यांच्या मागच्या जिन्याकडे, आणि खाली बसली.

मी टॉवेल घेऊन धावले. निरीक्षिका आत आल्या, बूट काढले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. जुळेही ओळीने बसले. मी एकटी उभी.

"चारला कोण यायचं हिच्याकडे?" त्यांनी विचारले.

"मला कल्पना नाही."

"विचारलं नाहीत त्यांना?"

"लेखी मागितले होते."

"त्यांना सहीपुरतंच येतं हो लिहायला." हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला बसावेसे वाटले, पण बसायला जागा उरली नव्हती.

जाताना त्यांनी सांगितले की अहवाल त्या सध्या पाठवणार नाहीत. मी विचारले, मूल दाराशी बसते म्हणून का?

"दाराशी बसली म्हणून अहवाल अडत नाही, बाई. अशी पुष्कळ मुलं बसतात. तुम्ही मला सकाळी बोलवत होतात, म्हणून अडलाय."

११ एप्रिल, शनिवार

ती परत गेली तर खोलीतली मांडणी कशी बदलावी लागेल, याचा विचार आज माझ्या मनात आला. पाळण्याची जागा, खणातले कपडे. मी तो शेवटपर्यंत नेऊ शकले नाही. माझ्या बाबतीत असे सहसा होत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

धोबीखान्यात फोन केला. बाईंना बोलावून आणायला वेळ लागला. पलीकडे यंत्रांची घरघर होती. मी नाव सांगताच त्यांनी विचारले, "बरी आहे ना?"

बरी आहे, मी म्हटले. मग विचारले की चार वाजता काय होत असे.

"माझी पाळी साडेतीनला सुटते. चारला घरी. शेजारीण सांभाळायची दिवसभर, पण चार वाजले की ही दाराशी. मी आले की दारातूनच उचलून घ्यायची." मग हळूच विचारले, "अजून बसते?"

"हो."

"मी त्या दिवशी सांगणारच होते, ताई. तुम्ही लिहून द्या म्हणालात. शेजारणीच्या मुलाला म्हटलं, लिही बाबा, तर त्याला माझ्या बोलण्याचं हसूच येई. मग राहून गेलं."

मी त्यांना गुरुवारी चारला येण्याची विनंती केली. 'विनंती' हाच शब्द वापरला. त्यांनी विचारले, "पण तुम्हीच म्हणालात ना, तीन महिने नको?"

"मी चुकीचे म्हणाले," मी म्हटले. हे वाक्य उच्चारताना मला वाटला होता तितका त्रास झाला नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

चार वाजून सहा मिनिटांनी बाई आल्या. गोटी दाराशीच होती. दार उघडले, तिने त्यांना पाहिले, उठली आणि सरळ पाठ फिरवून निघून गेली. स्वयंपाकघरात टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मी हाक मारणार होते. बाईंनी हाताने नको म्हटले. त्या तिथेच, दाराशी, जमिनीवर बसल्या. त्यांच्या हातांना रिकामे राहण्याची सवय नसावी. आमचे इतस्ततः पडलेले बूट त्या जोड्या लावून मांडू लागल्या, लेस आत खोचून. बोलताना नजर बुटांवरच.

"पालथी झोपते ती. उताणी निजवलीत तर रात्री दचकते. बाही ओली झालेली खपत नाही. आणि कान चोळायला लागली ना, की समजायचं भूक लागलीय. दुखत नसतो तो."

दोनदा डॉक्टरांकडे नेले होते, हे मी सांगितले नाही. वही आणायला उठले आणि पुन्हा बसले. ऐकत राहिले.

वीस मिनिटांनी गोटी आली. बाईंच्या मांडीवर तिने डोके ठेवले आणि तशीच पडून राहिली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, भाजलेल्या खुणांचा.

मूल रमले की हळूच निसटावे, असे मी नेहमी करते. बाईंनी तसे केले नाही. तिला बसती केली, चेहरा समोर धरला आणि म्हणाल्या, "मी जाते गं. इथं राहायचं. ही आई." मग उठल्या आणि गेल्या.

तेव्हा ती रडली. चाळीस दिवसांत प्रथमच. मी उचलले तर तिने माझ्या खांद्याला चावा घेतला, तरीही मी सोडले नाही. जिन्यात बाईंची पावले थांबल्याचे ऐकू आले, मग खाली उतरल्याचे. रडणे पन्नास मिनिटे चालले. शेवटी ती माझ्याच खांद्यावर झोपली. साडेपाचला नवरा आला तेव्हा मी खोलीच्या मध्यभागी उभी होते.

"अगं, बस की."

"नको. जागी होईल."

"अशीच उभी राहणार रात्रभर?"

"तू आवाज करू नकोस," मी म्हटले.

२४ एप्रिल, शुक्रवार

काल बाई पुन्हा आल्या. मुलांनी त्यांचे नाव 'गुरुवारची मावशी' ठेवले आहे. या वेळी गोटी धावत गेली. मला हेवा वाटला. तो कमी करून लिहिण्यात अर्थ नाही. चहाचे कप मी गरजेपेक्षा जोरात ठेवले.

आता ती रडते. सकाळी रडते, बाही ओली झाली की रडते, मी दुसऱ्या खोलीत गेले तरी रडते. नवरा खुशीत आहे. मला यात खुशीचे कारण समजत नाही, माझी एकही नोंद आता वेळेवर होत नाही.

बाकीच्या दिवशी चारला दाराशी बसणे चालूच आहे. आज ४.०२.

५ मे, मंगळवार

न्यायालय. निरीक्षिका गेल्या आठवड्यात न कळवता दुपारी येऊन गेल्या होत्या, अहवाल त्यांनी पाठवला. अर्जात छापील वाक्य होते: 'मूल कुटुंबात पूर्णपणे रुळले आहे.' मी 'पूर्णपणे' खोडले. खिडकीतला कारकून वैतागला.

"बाई, छापील आहे ते. आजवर कुणी खोडलं नाही."

"आजवर सगळ्यांची पूर्णपणे रुळली असतील," नवरा म्हणाला. "आमच्या हट्टी आहेत. दोघीही."

न्यायाधीशांनी कागद वाचून मला विचारले, का खोडले? मी सांगितले की ती रोज दुपारी चार वाजता आधीच्या आईची वाट पाहते, आणि ज्या वाक्याची मला खात्री नाही त्याखाली मी सही करू शकत नाही. न्यायाधीशांनी निरीक्षिकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मग न्यायाधीशांनी विचारले, "आणि तुम्ही? तुम्ही काय करता त्या वेळी?"

"नोंद करते," मी म्हटले. उत्तर अचूक होते.

त्यांनी सही केली. कागदावर ती आमची झाली.

८ मे, शुक्रवार

कागद कपाटात आहे आणि आज ३.५९ ला ती दाराशी होती. आज गुरुवार नव्हता. मी नेहमीप्रमाणे चौकटीत उभी राहिले, घड्याळ पाहिले, आणि एकाएकी मला ते असह्य झाले. इतक्या आठवड्यांत त्या वेळी ते दार आम्ही कुणीच तिच्यासाठी उघडले नव्हते.

थोरलीला जुळ्यांकडे पाहायला सांगितले. गोटीच्या पायात बूट घातले, दार उघडले आणि बाजूला झाले. तिने माझ्याकडे पाहिले. मग उंबरा ओलांडला.

मी तिचा हात धरला नाही, एक पायरी खाली राहून चालले. जिना उतरायला तिला बराच वेळ लागला. रस्त्यावर कोवळ्या पानांची सावली पडली होती, एका दुकानदाराने खुर्ची बाहेर मांडली होती. ती थेट कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबून तिने दोन्ही रस्ते पाहिले. येणारी माणसे पाहिली, एकेकाचा चेहरा. दोन बस येऊन गेल्या. काय बोलावे ते मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असल्याचे सोंगही आणता आले नाही. शेवटी मी खाली बसले आणि म्हटले, "आज नाही येणार ती. गुरुवारी येईल." तोंडीच सांगितले. तिला किती कळले असेल, माहीत नाही.

ती आणखी थोडी थांबली. मग वळली आणि चालू लागली. एकदा चुकीच्या इमारतीपाशी थबकली, मान वर करून पाहिले, पुढे निघाली. आमच्या जिन्याच्या पायऱ्या ती हात टेकून चढली. मी मागे. उचलू का विचारले तर हात झटकला.

वर पोचल्यावर ती आमच्या दारासमोर उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांनी दारावर थापा मारू लागली. आतून जुळे ओरडले, "कोण आहे?" ती थांबली नाही. थोरलीची पावले दाराकडे येत होती, तरी मी खिशात किल्ली शोधत राहिले. किल्ली हाताला लागत होती आणि निसटत होती. गोटीने वळून माझ्याकडे पाहिले आणि अधिकच जोराने थापा मारू लागली. घर तिचे होते आणि उशीर मी करत होते.

किती वाजले होते, ते पाहायचे राहून गेले.